लातूरच्या वकिलाची भाषणे आणि बीडची गावे

लातूर आणि अंबाजोगाई यांच्यात पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर. १९३५च्या सुमारास या दोन गावांत तीन माणसे आपापल्या कामात गढलेली होती. अलीगढहून कायदा शिकून आलेले सय्यद कासीम रझवी लातुरात वकिली करत होते. अंबाजोगाईला तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. तिथल्या योगेश्वरीच्या शाळेत हिप्परग्याहून आलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे मुलांना शिकवत होते. तिघेही एकाच निजामाच्या राज्यात राहत होते. पुढे रझवी रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक संघटनेचे सरसेनापती झाले आणि स्वामीजी हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष. या दोन टोकांच्या मध्ये बीड जिल्ह्यातली गावे सापडली.

रझाकारांच्या अत्याचारांच्या कहाण्या मराठवाड्यात घरोघर सांगितल्या जातात. रझवीच्या जहरी जिभेने हे सगळे घडवले, असा त्यांचा सूर असतो. जीभ जहरी होती यात शंका नाही. पण बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत १९४८ साली जी दहशत पसरली, ती नुसत्या भाषणांनी पसरली नसती. भाषणे करणाऱ्याला सरकारने मोकळे रान दिले, त्याच्या माणसांना गणवेश आणि हत्यारे मिळू दिली, त्यांच्या गुन्ह्यांकडे पोलिसांना पाठ फिरवू दिली आणि शांततेच्या मार्गाने बोलणाऱ्यांना तुरुंगात टाकले. म्हणून हा क्रम पहिल्यापासून पाहायला हवा.

हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते आणि १९४१च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या एक कोटी साठ लाखांच्या वर होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. प्रजेत हिंदू सुमारे पंच्याऐंशी टक्के. वरच्या सरकारी नोकऱ्यांत, पोलिसांत आणि फौजेत मात्र मुस्लिमांचे प्रमाण फार मोठे. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते आणि निवडून आलेल्या, खऱ्या अधिकाराच्या विधिमंडळाचा पत्ता नव्हता. जाहीर सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकाने व्याख्यान, परिषद, मिरवणूक यांच्यावर पहारा बसवला होता. खाजगी शाळा चालवणे हेसुद्धा संशयाचे काम होते. योगेश्वरीसारख्या शाळांना म्हणूनच मोल आले. राजकीय सभेला बंदी असलेल्या मुलखात वर्ग हीच सभा होती.

१९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले, तर ती रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि महाविद्यालयातून काढण्यात आले. त्यांतले कित्येक नागपूर विद्यापीठात जाऊन शिकले. बंदी उठायला १९४६ साल उजाडले. आठ वर्षे सनदशीर दार बंद राहिले. एवढ्या काळात जी तरुण पिढी वाढली, तिला अर्ज-विनंत्यांची भाषा पोकळ वाटू लागली यात नवल नाही.

दुसऱ्या बाजूला मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन १९२७ पासून काम करत होती. बहादूर यार जंग १९३८ साली तिचे अध्यक्ष झाले. अत्यंत प्रभावी वक्ते. राज्याचे सार्वभौमत्व निजामाच्या एकट्याच्या ठायी नसून प्रत्येक मुसलमान त्याचा वाटेकरी आहे, ही कल्पना त्यांच्या काळात रुजली. गावातला पिंजारी, मोमीन, मुलाणी, मण्यार, ज्याच्या घरात सत्तेचा दाणाही कधी आला नव्हता, त्यालाही सांगण्यात आले की तू राज्यकर्ता आहेस. मानाला भुकेलेल्या गरिबाला असा शब्द गोड लागतो. त्याचे बिल मात्र पुढे त्यालाच चुकवावे लागले. बहादूर यार जंग १९४४ मध्ये अकाली वारले आणि १९४६च्या अखेरीस मजलिसची सूत्रे रझवीकडे आली.

रझवीने मजलिसची स्वयंसेवक संघटना, म्हणजे रझाकार, लष्करी वळणावर नेली. कवायत, गणवेश, तलवारी, भाले, तोड्याच्या बंदुका, आणि दख्खनमधली मुस्लिम सत्ता टिकवण्यासाठी शेवटपर्यंत लढण्याची शपथ. फाळणीच्या दंगलींनी त्यात तेल ओतले. आसपासच्या प्रांतांतून घरदार गमावलेले मुस्लिम निर्वासित लाखांच्या संख्येने संस्थानात येत होते. त्यांची भीती खरी होती, दुःख खरे होते. रझवीने त्या भीतीला शत्रू दाखवून दिला.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतातही जाणार नाही आणि पाकिस्तानातही नाही. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याचा दिवस पाळला, १५ ऑगस्टच्या पहाटे स्वामीजींना पुन्हा अटक झाली. तडजोडीने बोलणारा नेता कोठडीत आणि तलवार दाखवणारा व्यासपीठावर, अशी ही वाटणी सरकारने आपल्या हाताने केली.

मग २७ ऑक्टोबर १९४७ उजाडला. निजामाचे शिष्टमंडळ भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा घेऊन दिल्लीला निघणार होते. पहाटे हजारोंच्या जमावाने दिवाण छत्तारीचे नवाब, सर सुलतान अहमद आणि निजामाचे इंग्रज सल्लागार वॉल्टर मॉन्कटन यांच्या घरांना वेढा घातला. पोलीस हलले नाहीत. शेवटी फौजेच्या मदतीने त्यांना सुरक्षित ठिकाणी न्यावे लागले. निजामाने जमावाचे ऐकले, शिष्टमंडळ बदलले, छत्तारी पायउतार झाले. त्यांच्या आधीचे दिवाण मिर्झा इस्माईलही मजलिसच्या विरोधाला कंटाळून याच वर्षी गेले होते. जवळपास तोच करार २९ नोव्हेंबरला सही झाला. पण तोवर राज्यातल्या लहानमोठ्या प्रत्येक अंमलदाराला कळून चुकले होते की दिवाणाच्या दारात जमाव उभा करणाऱ्याला शिक्षा होत नाही. बीडच्या एखाद्या ठाण्यातला जमादार यानंतर रझाकाराला कशाच्या बळावर अडवणार होता?

त्याच सुमारास मीर लायक अली दिवाण झाले. त्यांच्या सरकारने भारतीय चलनावर बंदी घातली, पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज दिले आणि सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून कराचीमार्गे चोरून शस्त्रे आणवली. करार झाला तेव्हा सुटलेले स्वामीजी २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा गजाआड गेले. भारताच्या बाजूनेही हद्दीवर नाकेबंदी कडक होत गेली आणि संस्थानात मीठ, औषधे, पेट्रोल यांची टंचाई झाली. हाल झाले ते सामान्य माणसाचेच.

आष्टी, पाटोदा आणि गेवराई या बीडच्या तालुक्यांची पश्चिमेकडची शीव नगर जिल्ह्याला लागून आहे. तेव्हा ती दोन देशांमधली सरहद्द झाली. पलीकडे स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने छावण्या उभारल्या. शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य न देणे, गावचे दप्तर जाळणे इथून सुरू झालेला लढा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवर आणि पोलीस चौक्यांवर सशस्त्र हल्ले करण्यापर्यंत गेला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. छावण्यांतल्या तरुणांचे धाडस मोठे होते. पण एका धाडीनंतर आतल्या गावावर रझाकार चालून येत आणि सूड ज्यांच्यावर उगवला जाई ते बहुधा हात रिकामे असलेले शेतकरी असत.

गावांमध्ये रझाकारांची पद्धत कशी होती? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८च्या अखेरीस संस्थानात फिरून जे टिपले, ते फार बोलके आहे. गावोगाव दरमहा ठराविक रक्कम बांधून दिलेली असे. ती मुकाट्याने मिळाली तर सहसा पुढे त्रास होत नसे. विरोध झाला तर लूट. विरोध वाढला तर जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार. वसुली हे दहशतीचे रोजचे रूप होते, आणि जिथे वसुली चालते तिथे पोलीस आणि महसूल खात्याच्या डोळेझाकीशिवाय ती चालत नाही. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला मे १९४८ मध्ये झालेल्या कत्तलीत सुमारे दोनशे माणसे गेली. त्याच महिन्यात गंगापूर स्टेशनावर मेल गाडीवर हल्ला झाला. लायक अलींच्याच मंत्रिमंडळातले जे. व्ही. जोशी यांनी परभणी आणि नांदेडचा मुलूख पाहिल्यावर मंत्रिपद सोडले.

या सगळ्या महिन्यांत रझवी बोलतच होते. मार्च-एप्रिल १९४८ मधल्या त्यांच्या भाषणांचे वृत्तांत दिल्लीपर्यंत पोचले. तलवार म्यान करू नका, लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकेल, बंगालच्या उपसागराच्या लाटा आमच्या बादशहाचे पाय धुतील, भारतातले साडेचार कोटी मुसलमान आपल्या बाजूने उठतील, असा त्यांचा आशय होता. रझवीने पुढे या वृत्तांतांचा इन्कार केला. त्यांतला शब्द न् शब्द खरा होता की नाही यापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते: सरकारने यातल्या एकाही भाषणाबद्दल त्याला कोर्टात उभे केले नाही. साडेचार कोटी माणसांच्या निष्ठेविषयी एका माणसाने जाहीरपणे ग्वाही द्यायची, तीही त्यांना न विचारता, हा त्या माणसांवरचा केवढा अन्याय!

शब्द आणि खून यांच्यातला धागा सर्वांत स्पष्ट दिसतो तो हैदराबाद शहरात. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध सातत्याने लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये काही मुस्लिम मान्यवरांनी रझाकार संघटना बरखास्त करा आणि भारतात सामील व्हा, असे निवेदन काढले. शोएबुल्लांनी ते छापले. रझवीने सभेत मजलिसविरुद्ध उठणारे हात तोडण्याची भाषा केली. त्यानंतर काही दिवसांतच रात्री घरी परतणाऱ्या शोएबुल्लांवर मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांचा हात तोडला. रझाकारांनी मारलेल्यांत हा मुसलमान पत्रकार होता, हे मराठवाड्यात आवर्जून सांगायला हवे. रझवी एका समाजाचा आवाज असल्याचा दावा करत होता आणि त्याच समाजातला वेगळा आवाज आधी बंद करत होता.

दलितांनाही आपल्या बाजूला ओढायचा मजलिसचा प्रयत्न होता, दलित नेते बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात होते. डॉ. आंबेडकरांनी मात्र १९४७ मध्येच जाहीर निवेदन काढून संस्थानातल्या अस्पृश्यांनी निजामाच्या आणि इत्तेहादच्या मागे जाऊ नये असे बजावले.

शब्दांनी हिंसा पेटवण्याचा हा अनुभव जगात अन्यत्रही आला आहे. रवांडात १९९४ च्या नरसंहारात ‘रेडिओ मिल कोलीन्स’ने तुत्सींना झुरळे म्हणत लोकांना चिथावले आणि तिथल्या माध्यमचालकांना आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००३ साली दोषी ठरवले. पण तिथेही रेडिओच्या आवाजाला रस्त्यावरचे नाके, सशस्त्र टोळ्या आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या याद्या जोडीला होत्या. चिथावणीला यंत्रणा मिळाली की ती घराच्या दारापर्यंत पोचते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून, तर मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची तुकडी औरंगाबादच्या बाजूने. लाल किल्ल्याच्या गोष्टी पाच दिवस टिकल्या नाहीत. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली, दुसऱ्या दिवशी सेनापती अल इद्रूस यांनी रीतसर शस्त्रे ठेवली, रझवीला अटक झाली, स्वामी रामानंद तीर्थ सुटले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो आणि तो पाळलाच पाहिजे. ज्यांनी तो दिवस आणला त्यांच्यात अंबाजोगाईच्या शाळेतून निघालेली माणसे होती.

२३ सप्टेंबरला निजामाने नभोवाणीवर भाषण केले. एका लहानशा गटाने दिवाणाच्या घराला वेढा घालून राजीनामा घ्यायला लावला, लायक अली मंत्रिमंडळ आपल्यावर लादले, हिटलरी मार्गाने राज्य ताब्यात घेतले आणि आपल्याला असहाय करून सोडले, असा त्याचा सारांश होता. वेढ्याची हकीकत खरी आहे. पण सभाबंदीचे नियम निजामाचे होते, जूनचे फर्मान निजामाचे होते, स्टेट काँग्रेसवरची बंदी आणि स्वामीजींच्या अटका निजामाच्या सरकारच्या होत्या. रझवीला ज्या मोकळ्या मैदानात उभे राहता आले, ते मैदान त्याच्या आधीच पंधरा-वीस वर्षे झाडून ठेवलेले होते. असहायता आली ती शेवटच्या वर्षात.

मुक्तिदिनाच्या भाषणांत जो भाग सहसा येत नाही तो यानंतरचा. रझाकार पळाले, पकडले गेले किंवा गणवेश टाकून गर्दीत मिसळले. आणि सूड निघाला तो गावात राहिलेल्या मुसलमानांवर. सुंदरलाल समितीच्या मते संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळले. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक. प्रेतांनी भरलेल्या विहिरी समितीने पाहिल्या. जबरीची धर्मांतरे, पळवलेल्या बायका, बळकावलेल्या जमिनी आणि दुकाने यांची नोंद केली. काही ठिकाणी सैन्यातल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीला उत्तेजन दिले, तर काही ठिकाणी अधिकाऱ्यांनी ती रोखली. शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदूही समितीला भेटले.

बीडच्या गावातल्या मुलाण्याने रझवीला कधी पाहिले नसेल, त्याची वळणदार उर्दू त्याला धड कळलीही नसेल. तू राज्यकर्ता आहेस, हे त्याच्या वतीने कोणीतरी मोठ्या शहरात म्हटले होते. त्याची शिक्षा त्याला घरात मिळाली. रझवीच्या भाषणांनी कोणाचा धोका सर्वांत जास्त वाढवला असेल, तर ज्यांचे रक्षण करण्याची तो शपथ घेत होता त्यांचाच. आणि सप्टेंबरनंतरच्या हत्यांचे ओझे त्या करणाऱ्यांवरच राहते. आधी सोसलेल्या अत्याचारांनी ते हलके होत नाही.

रझवीवर खटले चालले. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, शोएबुल्ला खून खटल्यात मात्र तो सुटला. येरवड्यातून १९५७ साली बाहेर पडून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. ज्यांच्या नावाने तो बोलत होता ती बीड-लातूरकडची गरीब कुटुंबे इथेच राहिली, तोच हातमाग, तेच दुकान, तीच शेतमजुरी पुन्हा धरून.

जिल्ह्याचे राजकारण पुढे वेगळ्याच वाटेने गेले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बीडने बाबासाहेब परांजप्यांना डाव्या लोकशाही आघाडीकडून निवडून दिले, १९६७ ला साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ ला गंगाधर अप्पा बुरांडे यांना. १९४८ मध्ये धर्माच्या नावाने होरपळलेला हा जिल्हा जमीन, मजुरी आणि दुष्काळ या प्रश्नांवर तीनदा लाल झेंड्याच्या आसपास उभा राहिला, ही गोष्ट पुरेशी सांगितली गेलेली नाही.

बीडचे नाव दहशतवादाच्या बातम्यांत नंतरही आले. मे २००६ मध्ये चांदवड-मनमाड परिसरात आणि औरंगाबादच्या बाजूला पकडलेल्या शस्त्रसाठ्याच्या प्रकरणात गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी होता. तो २०१२ मध्ये हाती लागला आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मार्च २०२५ मध्ये ईदच्या आदल्या पहाटे गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. त्याच दिवशी दोघांना अटक झाली आणि गावात शांतता राहिली. आरोपीचा धर्म कोणताही असो, पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला आणि अटक झाली. १९४८ च्या बीडमध्ये नेमके हेच होत नव्हते, ना सप्टेंबरच्या आधी, ना नंतर.

सुंदरलाल समितीचा अहवाल सरदार पटेलांना मान्य झाला नाही आणि सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. काही भाग अभ्यासकांनी मिळवून छापले, पण दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वांना वाचायला मिळू लागला ते २०१३ च्या सुमारास, घटनेनंतर पासष्ट वर्षांनी. रझाकारांच्या वसुलीची पद्धत आणि सप्टेंबरनंतरची कत्तल, दोन्ही त्या एकाच कागदपत्रात आहेत. मराठवाड्यातल्या शाळांच्या पुस्तकांत मात्र अजून पहिलाच अर्धा भाग शिकवला जातो.